दुपारी चार ते सकाळी नऊ : स्त्रीबीज फळतं तेव्हा

दुपारी चारच्या सुमाराला मी एक छोटी डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवते आणि दार लावते. डिश तळहातावर सहज मावेल एवढी. तिच्यात तेलाच्या थराखाली द्रावणाचे थेंब, त्या थेंबांत एका बाईची आठ स्त्रीबीजं आणि नुकतेच सोडलेले तिच्या नवऱ्याचे शुक्राणू, दर बीजामागे काही हजार. आत ३७ अंश तापमान, म्हणजे शरीराचंच. मग कोट उतरवून मी कर्वे रस्त्याच्या गर्दीतून घरी जाते, स्वयंपाक करते, झोपते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तीच डिश बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. मधल्या सतरा तासांत जे घडतं त्याला पाठ्यपुस्तकात ‘फलन’ म्हणतात. आमच्याकडे सगळे साधं ‘फळलं का?’ असंच विचारतात.

पुण्यात टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे बीजं आणि गर्भ सांभाळणारी तज्ज्ञ, म्हणून काम करताना बऱ्याच सवयी बदलाव्या लागल्या. कामाच्या दिवशी मी गजरा माळत नाही, अत्तर तर दूरच. सुवासाबरोबर हवेत जे मिसळतं ते या पेशींना सोसत नाही. इतक्या नाजूक गोष्टीबद्दल लोकांच्या मनात मात्र एक अगदी ढोबळ चित्र बसलेलं आहे. कोट्यवधी शुक्राणू पळत सुटतात, सगळ्यांत जोरात पळणारा पहिला पोचतो, तो जिंकतो, आणि स्त्रीबीज नुसतं वाट बघत बसलेलं असतं. शाळेत तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला असतो, त्यामुळे हे चित्र दुरुस्त करायला कुणी भेटत नाही. ते चुकीचं आहे, आणि त्याच्या आधारानं पुढे बायकांच्या माथी बरंच काही मारलं जातं, म्हणून मला ते सविस्तर सांगायचं आहे.

सुरुवात स्त्रीबीजापासून करते, कारण त्याची गोष्ट फार आधी सुरू होते.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोषांत मिळून साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्यातल्या दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात पूर्ण पिकून बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमच्या आजीच्या पोटात, तुमच्या आईच्या इवल्याशा बीजकोषात तयार झालेलं होतं. एका पेशंटच्या आईला मी हे सांगितलं, तर त्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “म्हंजी हिचं लेकरूबी निम्मं माझ्याच पोटातनं निघालेलं की!” अगदी बरोबर बोलल्या.

त्या वेळी बनलेलं बीज मात्र अर्धवट अवस्थेत थांबलेलं असतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची आणि २३ वडिलांकडची. बीजात ती निम्मी व्हायला हवीत, नाहीतर दर पिढीला दुप्पट होत जातील. हे निम्मं करणारं विभाजन मुलीच्या जन्माआधीच सुरू होतं आणि मध्येच थबकतं. बारा-चौदा वर्षं, पंचवीस वर्षं, काही बीजांच्या बाबतीत चाळीस वर्षं ते तसंच थांबलेलं असतं. या सगळ्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवण्याचं काम काही प्रथिनं करतात. गोधडी कितीही जपून वापरली तरी वर्षांमागून वर्षं गेली की शिवण सैल होते, तसं या प्रथिनांचं होतं. वाटणीची वेळ येते तेव्हा एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. पस्तिशीनंतर, आणि चाळिशीकडे जास्तच, दिवस राहायला वेळ लागतो किंवा राहिले तरी टिकत नाहीत, यामागचं मोठं कारण हे आहे. बाई धडधाकट असली, रोज पर्वती चढत असली, तरी बीजाचं वय तिच्याइतकंच असतं.

दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात आणि सहसा एकच पुढे जातं. ते ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं ती दोन सेंटिमीटरच्या आसपास झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक एकदम भरपूर सोडते. त्यानंतर साधारण ३६ तासांनी ती पिशवी फुटते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘अंडं फुटलं का?’ असं विचारतात, पण फुटते ती ही पिशवी. बीज तिच्यातून सुखरूप बाहेर पडतं. याच हिशेबावर आमचं काम चालतं. हाच इशारा देणारं, रात्री अकराला सांगितलेलं इंजेक्शन अकरालाच घ्या, असं आम्ही दोन-दोनदा बजावतो, कारण परवा सकाळी साडेदहाला, पिशव्या फुटायच्या जरा आधी, बीजं काढायची असतात.

बाहेर आलेलं बीज दिसतं कसं? सब्जा पाण्यात भिजवल्यावर मधे काळा दाणा आणि भोवती पारदर्शक बुळबुळीत वलय येतं ना, हुबेहूब तसं. भोवतीचं वलय हजारो छोट्या मदतनीस पेशींचं. मधलं बीज म्हणजे माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी, तरी व्यास मिलिमीटरचा दहावा भाग. चांगली नजर असेल तर नुसत्या डोळ्यांना टिंबासारखं दिसू शकतं. एलएचच्या इशाऱ्यानं थांबलेलं विभाजन पुढे सरकलेलं असतं, २३ गुणसूत्रांचा एक वाटा छोट्या कणात गुंडाळून बाजूला टाकलेला असतो, आणि बीज दुसऱ्यांदा थांबलेलं असतं. हा दुसरा थांबा शुक्राणू आत आल्याशिवाय सुटत नाही. बीजकोषातून बाहेर पडल्यावर बीजाच्या हातात वेळही थोडाच असतो, बारा ते चोवीस तास.

शुक्राणू याच्या अगदी उलट. तो जुना नसतो, अडीच महिन्यांपूर्वी बनायला लागलेला असतो. त्यामुळे आज सडकून ताप आला तर त्याचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने काउंटवर दिसू शकतो, आणि एकाच रिपोर्टवरून निकाल लावू नये असं आम्ही सांगतो ते याचसाठी. शेपटीसकट त्याची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. योनीपासून ट्यूबच्या, म्हणजे बीजवाहक नळीच्या, बाहेरच्या टोकाजवळच्या रुंद भागापर्यंतचं अंतर पंधरा सेंटिमीटर धरलं तर ते त्याच्या अंगाच्या तीन हजार पट होतं. माणसाच्या मापात हे पाच किलोमीटर झाले, साधारण स्वारगेटहून कात्रज. भेट होते ती त्या रुंद भागात. गर्भपिशवीत होते असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण पिशवीत नंतर पोचतो तो तयार झालेला गर्भ.

एका वेळच्या वीर्यात कित्येक कोटी शुक्राणू असतात आणि बीजाच्या आसपास पोचतात ते फार तर काही शे. योनीतलं आम्ल बऱ्याच जणांना मारतं. गर्भाशयमुखातला चिकट स्राव एरवी दाट असतो, कुणाला आत सोडत नाही. बीज बाहेर पडायच्या सुमाराला तोच कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो. पुढे गर्भपिशवीची हलकी आकुंचनं त्यांना वर ढकलायला मदत करतात. म्हणजे वाट बाईचं शरीर उघडतं, आणि चालवतंही काही प्रमाणात तेच.

शर्यतीचं चित्र खरं मोडतं ते इथे. स्खलनानंतर लगेच एखादा शुक्राणू जाऊन बीजाला भिडला तरी त्याला आत जाता येत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहून त्याच्या आवरणात बदल व्हावे लागतात, तेव्हा कुठे तो त्या लायक होतो. मिन-चुए चांग आणि कॉलिन ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवून दिलं. हे कळण्याआधी शरीराबाहेर फलन घडवण्याचे प्रयत्न का फसत होते, याचं एक मोठं उत्तर त्यात होतं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांच्या प्रयत्नातून २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी दुसरं जन्मलं. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट मला आजही सलते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला झालेलं बाळ आपल्यापैकी पुष्कळांना पेपरातून आठवत असेल. आजही आम्ही वीर्य आलं की थेट बीजावर सोडत नाही. ते धुऊन, चांगले पोहणारे वेगळे करून, त्यांना तयार व्हायला वेळ देतो आणि मगच चार वाजतात.

तर पहिला पोचणारा जिंकतो असं नाही. तयारी पूर्ण होण्याची आणि बीज येण्याची वेळ जुळली पाहिजे. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस धरून. ‘चौदावा दिवस’ हा हिशेब मात्र सगळ्यांना लागू नाही. बीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बाहेर पडतं, त्यामुळे जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचा तो दिवस एकविसाव्याच्या आसपास असतो. कित्येक जोडपी वर्षभर चुकीचे दिवस मोजून दमतात.

आता प्रत्यक्ष भेट. सब्जाच्या वलयासारख्या त्या मदतनीस पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. त्यानं शुक्राणूच्या शेपटीतल्या खास वाटा उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटी जोरजोरात फटके मारू लागते. वलय पार केल्यावर येतं बीजाचं पारदर्शक, जाडसर कवच. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटते, तिच्यातले रस आणि शेपटीचा जोर मिळून तो कवचातून वाट काढतो. आत शिरल्यावर बीजाच्या पातळ पडद्याशी गाठ पडते.

इथे दोन प्रथिनं एकमेकांना ओळखतात. शुक्राणूवरचं प्रथिन जपानमध्ये ओसाका विद्यापीठात २००५ मध्ये सापडलं. त्याला इझुमो नाव दिलं, कारण इझुमोच्या देवळात जपानी लोक लग्न जुळावं म्हणून नवस बोलतात. त्याची जोडीदारीण बीजावर कोण हे कळायला आणखी नऊ वर्षं लागली. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ती शोधली आणि विवाहाच्या रोमन देवीवरून तिला जूनो म्हटलं. ज्या उंदरिणींत जूनो नाही त्या धडधाकट असूनही त्यांना पिल्लं होत नाहीत; ज्या नरांत इझुमो नाही त्यांचंही तेच. दोन्ही बाजूंनी हात पुढे आल्याशिवाय गाठ बांधली जात नाही, हे इतक्या खोलवर खरं आहे.

गाठ पडली की शुक्राणूची हालचाल थंडावते. पुढचं काम बीजाचं. त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक बारीक धागे शुक्राणूभोवती वळतात आणि त्याला शेपटीसकट आत ओढून घेतात. शुक्राणूनं सोबत आणलेल्या एका प्रथिनामुळे बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, एकीमागून एक, कित्येक तास. पहिल्या लाटेबरोबरच बीजाच्या कडेला साठवलेल्या पुटकुळ्या फुटतात, त्यातल्या रसानं कवचाचं रूप बदलतं आणि दुसऱ्या कुणाला ते दाद देत नाही. जूनोही बीजाच्या पृष्ठभागावरून झडून जाते. उंदरांमध्ये याला चाळीसेक मिनिटं लागतात. दार बंद करण्याची ही घाई उगाच नाही. दोन शुक्राणू आत आले तर गुणसूत्रं ६९ होतात आणि असा गर्भ नीट वाढत नाही. याच लाटांनी बीजाचा दुसरा थांबा सुटतो. इतकी वर्षं अडलेलं विभाजन आता कुठे पुरं होतं, आणि जास्तीचा वाटा दुसऱ्या एका कणातून बाहेर टाकला जातो.

मग रात्र. मी घरी असते तेव्हा डिशमध्ये दोन्हीकडची गुणसूत्रं आपापल्या फुग्यात बांधली जातात.

सकाळी नऊ. एका बारीक काचेच्या नळीनं बीज हलकेच आत-बाहेर घेतलं की भोवतीच्या पेशी सुटतात आणि ते स्वच्छ गोल दिसतं. फोकस फिरवायचा. कडेला, कवच आणि बीज यांच्या फटीत, दोन छोटे कण. आणि बरोबर मधोमध, एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं, पाण्याच्या थेंबांसारखी, आत रांगेत उभे राहिल्यासारखे बारीक ठिपके. एक आईचं, एक वडिलांचं. एक वर्तुळ दिसलं तर शंका, तीन दिसली तर ते बीज आम्ही वापरत नाही, दोन दिसली की मी वहीत लिहिते: फळलं. इतकी वर्षं झाली तरी फोकस जुळून ती दोन वर्तुळं वर येतात त्या क्षणी माझा श्वास जरा थांबतो.

पाठ्यपुस्तकात लिहितात की दोन केंद्रकं एकरूप होतात. माणसात ती तशी विरघळून एक होत नाहीत. ती शेजारी येतात, पेशी दुभंगायची वेळ आली की दोन्हींची आवरणं नाहीशी होतात, गुणसूत्रं विभाजनासाठी मांडली जातात. आईची आणि वडिलांची गुणसूत्रं एकाच केंद्रकात पहिल्यांदा नांदतात ती एकाच्या दोन पेशी झाल्यावर. त्यामुळे ‘नेमका क्षण कोणता?’ असं कुणी विचारलं तर मी घड्याळाकडे नाही, पूर्ण दिवसाकडे बोट दाखवते.

आणि दोघं काय काय आणतात? गुणसूत्रं २३-२३, अगदी सारखी. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रिया आईच्याच टिकतात, वडिलांच्या बीजात आल्यावर नष्ट केल्या जातात. गुणसूत्रं दोन्ही बाजूंना ओढून नेण्याची जी यंत्रणा, तिचं केंद्र मात्र वडिलांकडून येतं. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य मी आमच्या प्रतीक्षागृहात अजून ऐकते. बाईकडे वाय नसतंच, ती देणार कुठून? आणि वडिलांच्याही ते हातात नसतं. गर्भाचं लिंग शोधणं किंवा निवडणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, तसा कायदा केला, १९९४ मध्ये तो देशभर झाला.

दुसरं वाक्य ‘हिच्यात दोष आहे’. मूल होत नाही अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा थोडाबहुत तरी वाटा असतो. तरी बाईच्या चार सोनोग्राफ्या, दोन दुर्बिणी होऊन जातात आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी राहून गेलेली असते. मी रोज ज्या कर्वे रस्त्यानं जाते तो महर्षी कर्व्यांच्या नावाचा. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून मराठीत या विषयांवर मासिक चालवलं, त्यासाठी खटले सोसले. ते केंद्र काढून शंभर वर्षं उलटली, आणि ‘वीर्य’ हा शब्द उच्चारताना अजून माझ्यासमोर नवरा-बायको दोघंही खाली बघतात.

तिसरं वाक्य बाई स्वतःलाच सुनावते: “मी स्कूटीवरून खड्ड्यातून गेले म्हणून राहिलं नसेल का?” नाही. फळलेली सगळी बीजं रुजत नाहीत, निसर्गातही नाही. सुरुवातीलाच गर्भ थांबतो त्यामागे बहुतेकदा गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक असते. पुण्यातले खड्डे वाईटच, पण ट्यूबमधल्या किंवा गर्भपिशवीतल्या गर्भाला ते हलवून पाडू शकत नाहीत. मी हे प्रत्येकीला सांगते, आणि प्रत्येकीला दोनदा सांगावं लागतं.

मागच्या आठवड्यातल्या त्या आठ बीजांबद्दल सांगायचं राहिलं. सकाळी साडेनऊला मी तिला फोन केला. सासवडची मुलगी, शाळेत शिकवते.

“ताई, फळली का?”

“पाच फळली.”

पलीकडे जरा वेळ शांत. मग हळूच, “म्हणजे मी आता प्रेग्नंट आहे का?”

“नाही, अजून नाही. उद्या चार पेशी, मग आठ, पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा पोकळ गोळा. तो कवचातून बाहेर यायला हवा, गर्भपिशवीला चिकटायला हवा. चिकटला की तो एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो, तेच रक्तात सापडतं. त्याला अजून दोन-अडीच आठवडे आहेत.”

“आणि आत्ता, या मिनिटाला, ती काय करतायत?”

मी पडद्याकडे पाहिलं. वर्तुळं शेजारी शेजारी होती, ठिपके अजून रांगेत. दुपारी चारच्या आसपास ती दिसेनाशी होतील, मी म्हटलं, आणि रात्रीपर्यंत एकाच्या दोन पेशी होतील.